पूरक म्हणजे पर्याय नव्हे : कोंबड्यांचे खाद्य, खनिजे आणि रोगजंतू



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या वर्गात मी याच शाळेत बसलो आहे. ते विज्ञान शिकवीत. मी पुढे आयुष्यभर मराठी शिकविली. प्रयोगवहीतील एक शब्द जरी सैल पडला तरी गुरुजी वही परत करीत आणि म्हणत, 'शब्द चुकला, म्हणजे प्रयोगच चुकला.' त्या वयात मला हा हट्ट वाटे. तो हट्ट नव्हता हे मला सत्तरी ओलांडल्यानंतर, आणि तेही एका कोंबड्यांच्या शेडमध्ये उभे राहून कळले. आजचे व्याख्यान म्हणजे गुरुजींकडे उशिरा दिलेली ती दुरुस्तीची वही आहे, असे आपण समजावे.

निमंत्रणपत्रिकेवरील विषय वाचून काही स्नेह्यांनी मला दूरध्वनी केला. महाकालाच्या नगरीत, भाषेच्या प्राध्यापकाने, कोंबड्यांच्या खाद्यातील खनिजांवर बोलावे, हा काय प्रकार आहे, असा त्यांचा प्रश्न होता. समोर बसलेल्यांपैकी कित्येक जण अंड्यालाही शिवत नसतील, हे मी जाणतो. पण कोंबडीशी संबंध यावयाला ती ताटात यावी लागते असे नाही. उज्जैनच्या चारी दिशांना पावसाळ्यात जे हिरवेगार सोयाबीन डोलते, त्याचे तेल आपल्या कढईत येते आणि पेंड मोठ्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात जाते. माळव्याची काळी जमीन, तिच्यातले पीक, त्या पिकावर वाढणारी कोंबडी आणि तिच्या विष्ठेचे खत पुन्हा आपल्याच शेतात, असे हे चक्र आहे. त्या चक्रात आपण सारेच उभे आहोत, मग आपण शाकाहारी असू वा नसू.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बडनगर रस्त्याच्या बाजूला त्याने मांसल कोंबड्यांचे, म्हणजे ब्रॉयलरचे, शेड घातले होते. त्याचबरोबर एका खनिज-मिश्रणाची विक्रीही तो करू लागला होता. बऱ्हाणपूर आणि रावेर भागातील मराठी कुक्कुटपालकांसाठी त्याला त्या मिश्रणाचे इंग्रजी पत्रक मराठीत करून हवे होते. त्या पत्रकात एवढेच म्हटले होते की, हे मिश्रण पक्ष्याच्या रोगप्रतिकारास साहाय्यभूत ठरते. 'साहाय्यभूत' हा शब्द मला लेचापेचा वाटला. पत्रकाची भाषा कशी ठसठशीत हवी! मी लिहिले, 'जिवाणूजन्य रोगांपासून कोंबड्यांचे संपूर्ण संरक्षण.' विद्यार्थी खूश झाला. पाचशे प्रती छापल्या गेल्या.

त्याच पावसाळ्यात त्याच्या शेडमध्ये मरतूक सुरू झाली. तीन हजारांपैकी सातशेच्या वर पक्षी आठ-दहा दिवसांत गेले. मी पाहावयास गेलो तेव्हा आत शिरताच डोळ्यांत पाणी आले. ते दुःखाचे नव्हे, अमोनियाच्या उग्र वासाचे. पशुवैद्यांनी मेलेली कोंबडी फाडून दाखविली. हृदयावर आणि यकृतावर पांढरट पापुद्रा धरला होता. रोग ई. कोलाय या जिवाणूचा होता. भुशाची गादी ओली राहिली, तिच्यातून अमोनिया उठला, त्याने पक्ष्यांच्या श्वासनलिकेचे आतले नाजूक अस्तर दुखावले आणि धुळीतल्या जंतूंना वाट मोकळी झाली. 'गादी का बदलली नाही, पाण्याची टाकी का धुतली नाही?' असे पशुवैद्यांनी विचारले. माझ्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, 'सर, आपणच तर लिहिलं होतं, संपूर्ण संरक्षण म्हणून.'

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पशुवैद्य मात्र समजुतीने म्हणाले, 'मिश्रण वाईट नाही. त्याला जी जागा दिलीत ती चुकली.' ती योग्य जागा कोणती, हे समजून घेण्यासाठी मी त्यानंतर वाचन केले, जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या मिश्रणांना मराठीत 'खनिज पूरके' म्हणतात. पूरक हा शब्द आपल्याला प्राणायामातूनही ठाऊक आहे. पूरक, कुंभक आणि रेचक. श्वास आत घेणे, धरून ठेवणे आणि सोडणे. मला असे आढळले की कोंबडीच्या शरीरातील खनिजांची कथा याच तीन पायऱ्यांनी सांगता येते, आणि यांतील एक जरी पायरी विसरली तरी अर्थाचा अनर्थ होतो.

प्रथम पूरक. जी उणीव आहे ती भरून काढणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. अंगणात हिंडणारी कोंबडी ही उणीव पुष्कळशी स्वतःच भरून काढते. आपल्या पश्चिमेस झाबुआ आणि अलीराजपूर भागातील भिल्ल, भिलाला बांधवांच्या अंगणातला काळाकभिन्न कडकनाथ पाहा. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो माती उकरतो, किडे टिपतो, पाला खातो, खडे गिळतो. शेडमधल्या पक्ष्याला ते स्वातंत्र्य नाही. आपण जे पुढ्यात टाकू, तेवढेच त्याचे विश्व. आणि आपण टाकतो मका व सोयाबीनची पेंड.

या आहारात एक मेख आहे. माळव्यातील अनेक जमिनींत जस्त कमी आहे. पण प्रश्न केवळ जमिनीचा नाही. धान्यात आणि सोयाबीनमध्ये फायटिक आम्ल नावाचे द्रव्य असते. ते आतड्यात जस्ताला असे घट्ट धरून ठेवते की, खाद्यात जस्त असूनही ते अंगी लागत नाही. घरात धान्याचे कोठार भरलेले असावे आणि त्याची किल्ली हरवलेली असावी, तशी ही अवस्था. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठातील ओडेल आणि सॅव्हेज यांनी १९५७ च्या सुमारास सोयाबीनच्या शुद्ध प्रथिनांवर वाढविलेल्या पिल्लांत हे पाहिले. पिल्ले खुरटली, त्यांचे पाय आखूड व जाड झाले, पिसे धड येईनात. जस्त दिल्यावर ती सुधारली. फायटिक आम्लामुळे जस्त दुर्लभ होते, हे त्यांनी १९६० साली दाखवून दिले. पुढे १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये फायटेज नावाचे विकर बाजारात आले. फायटिक आम्ल फोडून त्यातला फॉस्फरस मोकळा करणे हा त्याचा मुख्य हेतू; त्यासोबत जस्तही काही अंशी सुटते.

मग ही उणीव भरावयाची किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली ब्रॉयलर पक्ष्यांसाठी जे प्रमाण सांगितले, ते एक टन खाद्यामागे असे आहे : लोह ८० ग्रॅम, मँगनीज ६० ग्रॅम, जस्त ४० ग्रॅम, तांबे ८ ग्रॅम, आणि सेलेनियम अवघे ०.१५ ग्रॅम. हे किमान गरजेचे आकडे आहेत. आजच्या झपाट्याने वाढणाऱ्या जातींना व्यवहारात काही खनिजे यापेक्षा अधिक दिली जातात. तरीही टनामागे काही ग्रॅम, हा हिशेब ध्यानात ठेवावा. स्वयंपाकात मीठ जसे, तशी ही खनिजे. नसली तर पदार्थ बिघडतो, अधिक झाली तरीही बिघडतो.

आता कुंभक. आत गेलेली खनिजे शरीर कशी धरून ठेवते आणि त्यांचा जंतूंशी काय संबंध?

रोगाशी लढण्याच्या विद्येत कोंबडीचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत. लुई पाश्चरने १८७९-८० मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करीत असतानाच क्षीण केलेल्या जंतूंची लस शोधली. पुढे १९५६ साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पक्ष्याच्या गुदद्वाराजवळ एक लहानशी पिशवी असते. इटलीतील फॅब्रिशियसने तिचे वर्णन करून ठेवले होते, पण तिचे कार्य कोणालाच उमगले नव्हते. ती पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्यांना साल्मोनेला जंतूचे द्रव्य टोचले, तेव्हा त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच होईनात. प्रतिपिंडे बनविणाऱ्या आपल्या पेशींना आज जगभर 'बी' पेशी म्हणतात, तो 'बी' याच पिशवीच्या 'बर्सा' या नावातून आला.

या सैन्याला खनिजे लागतात. जस्त कमी पडले की थायमस ग्रंथी आकसते, पेशींची वाढ मंदावते, आतड्याच्या अस्तरातील सांधे सैल पडतात, आणि जंतूला भिंतीतच फट मिळते. भक्षक पेशी जंतूला मारताना जी दाहक द्रव्ये सोडतात, त्यांच्यापासून पेशींचा स्वतःचा बचाव करणारी विकरे जस्त, तांबे, मँगनीज आणि सेलेनियम यांच्यावाचून चालत नाहीत. सेलेनियम तर एके काळी केवळ विष म्हणून ओळखले जाई. १९५७ साली त्याची सूक्ष्म मात्रा प्राण्यांना आवश्यक असल्याचे ध्यानी आले. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरकडील काही जमिनींत मात्र तेच इतके अधिक आहे की तेथील जनावरांना त्याची बाधा होते. द्रव्य एकच, मात्रेवर त्याचे अमृत की विष ते ठरते.

पण मला सर्वाधिक नवल वाटले ते दुसऱ्याच एका गोष्टीचे. जंतूंनाही खनिजे हवी असतात. १९४४ साली शेड आणि कॅरोलाइन या अमेरिकन संशोधकांनी पाहिले की, कोंबडीच्या कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात जंतू वाढत नाहीत. निरनिराळी पोषक द्रव्ये घालून पाहिली; काही फरक पडला नाही. लोह घातले मात्र, जंतू वाढू लागले. त्या बलकातील एक प्रथिन लोहाला कवटाळून बसलेले असते आणि जंतूला ते मिळू देत नाही. पिल्लू जन्मण्यापूर्वीच आईने त्याच्याभोवती बांधलेला हा कोट. मोठ्या पक्ष्याला संसर्ग झाला की त्याचे शरीरही हेच करते. रक्तातील लोह व जस्त कमी होते, यकृतासारख्या अवयवांत ते दडवून ठेवले जाते. गावावर धाड आली की धान्य पेवात लपवावे, तसे. म्हणूनच रोग आल्यावर घाबरून खनिजांचा मारा करणे शहाणपणाचे नाही. धाड आल्यावर पेव उघडून ठेवण्यासारखे ते होईल. पूरकाची वेळ रोगाआधीची आहे. रोग आल्यावर वैद्य लागतो.

प्रयोगांचा सारांशही असाच आहे. साल्मोनेला किंवा क्लॉस्ट्रिडियम या जंतूंचा संसर्ग मुद्दाम घडवून केलेल्या अनेक चाचण्यांत योग्य मात्रेतील जस्ताने आतड्याची हानी कमी झाल्याचे दिसते. काहींत विशेष फरक दिसत नाही. जेथे मुळात उणीव होती तेथे लाभ ठळक. जेथे पक्षी भरल्या पोटी होता तेथे अल्प. ओली गादी, कोंदट हवा आणि घाण पाणी यांवर मात करील असे खनिज नाही.

शेवटी रेचक. जे आत गेले, ते सारे आतच राहत नाही. खाद्यातील जस्त आणि तांबे यांचा मोठा भाग विष्ठेतून बाहेर पडतो, खत होऊन शेतात जातो आणि तेथेच साचतो. येथे मला प्रतिजैविकांचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण खनिजांकडे एवढे लक्ष का वळले ते त्यावाचून कळणार नाही.

अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळांत संशोधनाचे संचालक होते आंध्रचे थोर सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या कारकिर्दीत, १९४८ साली, ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक जगापुढे आले. त्याच प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टोकस्टाड यांना आढळले की, या औषधाच्या उत्पादनात उरलेला चोथा खाणारी पिल्ले अधिक भराभर वाढतात. झाले! निरोगी पक्ष्यांना वाढीसाठी रोज थोडे थोडे प्रतिजैविक चारण्याची जगभर रीत पडली. अर्धवट मार खाल्लेला शत्रू शहाणा होतो, जंतूही झाले. स्वीडनने १९८६ साली ही रीत बंद केली, १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघाने बंद केली. कोलिस्टिन हे माणसांच्या असाध्य संसर्गातले अखेरचे अस्त्र. तेही कोंबड्यांना चारले जात होते. २०१५ साली चीनमध्ये त्याला दाद न देणारे, आणि तो गुण इतर जंतूंना वाटू शकणारे जनुक सापडले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी केली. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, तसे हे सत्य फार काळ झाकून राहणारे नव्हते.

प्रतिजैविके गेल्यावर त्यांच्या रिकाम्या जागी कोणी बसावे, हा प्रश्न आला, आणि खनिजांना त्या आसनावर बसविण्याचा मोह झाला. येथेच पूरक हा पर्याय होऊ पाहतो. डुकरांच्या खाद्यात तांबे भरपूर घातल्याने काय झाले ते डेन्मार्कमधील संशोधकांनी दाखविले : तांब्याला न जुमानणाऱ्या काही जंतूंत प्रतिजैविकांना न जुमानण्याचा गुणही जोडीने आढळला. एकाला पोसावे तर दुसरा आपोआप पोसला जातो. डुकरांच्या पिल्लांना औषधी मात्रेत जस्ताचे ऑक्साइड देण्यावर युरोपीय संघाने २०२२ साली बंदी घातली, ती याच भयाने आणि मातीच्या काळजीने. लक्षात घ्या, बंदी औषधी मात्रेवर आहे. आहारातील जस्तावर नाही. उणीव भरणे आजही मान्य आहे. खनिजालाच प्रतिजैविक समजून ओतणे मान्य नाही.

हा विवेक आपण माणसांच्या बाबतीत सहज पाळतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मुलांच्या अतिसारात मीठ-साखरेच्या द्रावणाबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त द्यावे, अशी शिफारस केली. येथे 'बरोबर' हा शब्द मोलाचा आहे. द्रावणाऐवजी जस्त दिले तर मूल दगावेल. 'बरोबर' आणि 'ऐवजी' या दोन शब्दांत एका जिवाचे अंतर आहे. भाषेच्या शिक्षकाला हे कळावयास हवे होते. मला ते कळले नाही.

माझ्या विद्यार्थ्याने नंतर शेड सावरले. गादी रोज उलटून कोरडी ठेवतो, हवा खेळती राखतो, टाकी धुतो, लसीकरणाचा तक्ता भिंतीवर लावतो, प्रतिजैविक पशुवैद्यांच्या चिठ्ठीवाचून देत नाही. खनिज-मिश्रणही तो वापरतो, पण तराजूने तोलून. आम्ही दोघांनी बसून पत्रक नव्याने लिहिले आणि माझ्या खर्चाने छापले. त्याचे पहिले वाक्य असे आहे : 'हे मिश्रण खाद्यातील उणीव भरून काढते, स्वच्छता, लस आणि पशुवैद्य यांची जागा ते घेऊ शकत नाही.' भाषा ठसठशीत नाही. पण खरी आहे.

पहिल्या पाचशे प्रतींपैकी परत आल्या त्या साठ-सत्तर. उरलेल्या कोठे कोणाच्या शेडमध्ये टांगलेल्या असतील आणि त्या 'संपूर्ण संरक्षणा'च्या भरवशावर कोणाची गादी ओली राहिली असेल, हे मला कधीच कळणार नाही. या वयात झोप कमी होते, तेव्हा मी त्या प्रती मोजतो.

येथील माजी विद्यार्थ्यांत शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, डॉक्टर आहेत, पत्रके लिहिणारे आणि छापणारेही असतील. त्यांना माझी हात जोडून एकच विनंती आहे. 'बरोबर' लिहिले असेल तेथे 'ऐवजी' वाचू नका आणि दुसऱ्याला वाचावयास लावू नका. गुरुजींनी परत केलेली वही मी आज दुरुस्त करून त्यांच्या स्मृतीपुढे ठेवीत आहे. ती त्यांनी तपासली असती तर तिच्यावर लाल शाईची एखादी तरी खूण केली असतीच. ती आपण करावी.